बॉक्सला किती धरायचे

परवा माझ्या मुलाने, निखिलने, जेवता जेवता फोन माझ्यासमोर धरला. "आई, बघ. गिअरबॉक्सचं एस्टिमेट आलंय. किती धरून चालू?" त्याची गाडी स्वतःच गिअर बदलणारी, त्यामुळे आकडाही तसाच, बघून घास अडकावा असा. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत टीप होती की बॉक्स उघडल्यावर रक्कम वाढू शकते. मी म्हटलं, "वरचा आकडा धर, त्यावर त्याचा निम्मा धर आणि पैसे बाजूला काढल्याशिवाय त्यांना बोल्टला हात लावू देऊ नकोस." तो हसला. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला गिअरबॉक्समधलं काय कळणार, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आजोबा मिस्त्री होते एवढंच त्याला ठाऊक आहे. 'बॉक्सला किती धरायचे' हे शब्द मी याआधी कुठे ऐकलेत, हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही. आता वय झालं. लिहून टाकते.

आम्ही तेव्हा अंबरनाथ पूर्वेला राहत होतो. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये बाबांचं गॅरेज आणि मागे दोन खोल्या. घरात तीनच माणसं, पण निवांतपणा म्हणून नव्हता. सकाळी पान्यांचा खणखणाट, दुपारी कुठल्या तरी इंजिनाची घरघर, आणि त्यातच आईचं भाकरी थापणं. आमच्याकडे भुशाची शेगडी होती. वखारीतून पोतंभर लाकडाचा भुसा आणायचा, शेगडीत मधोमध बाटली उभी करायची, भोवती भुसा ठोकून ठोकून भरायचा आणि मग बाटली अलगद वर काढायची. मधे जे भोक राहतं त्यातून जाळ वर येतो. बाटली काढताना हात हलला की सगळं ढासळायचं आणि आई मला म्हणायची, "शिकून मास्तरीण होशील गं, पण सासरी शेगडी कोण भरणार?" त्या जाळावरची तांदळाची भाकरी आणि कांदा घालून परतलेली सुकट. आज बदलापूरच्या या फ्लॅटमध्ये पाईपचा गॅस आहे, सुकट करायची म्हटलं तर सून खिडक्या उघडत फिरते, आणि ती चव काही येत नाही.

बाबा सगळी कामं करायचे, पण त्यांचं नाव होतं ते बॉक्ससाठी. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कुणाचा गिअर अडकला, सुटला, ओरडला की माणूस आमच्याकडे यायचा. बाबा आधी गाडी चालवून बघायचे, एकेका गिअरमध्ये कान देऊन. मग बॉक्सचं ऑइल आईच्या एका बाद झालेल्या परातीत काढायचे आणि ती परात उन्हात न्यायचे. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक त्या ऑइलमधून हळूहळू फिरवायचे. फडक्याला काळी बारीक कुसळं चिकटली तर दाते झिजले, म्हणजे खर्च मोठा. ऑइलात नुसतीच सोनेरी चकाकी राहिली तर आतल्या पितळी कड्या गेल्या, म्हणजे निभावेल. त्यानंतर ते दोन आकडे सांगायचे, एक बंद बॉक्सचा आणि एक उघड्या बॉक्सचा. गिऱ्हाइकाने मोठा आकडा धरायचा, घरी जायचं, तेवढे पैसे वेगळे बांधून आणायचे आणि बाबांना दाखवायचे. मगच पहिला बोल्ट सुटायचा. "उघडेपर्यंत बॉक्स देवाचा, उघडल्यावर खिशाचा," असं ते म्हणायचे.

लोकांना हा नियम फार जाचायचा. "मिस्त्री आहे की सावकार?" असं कुणीतरी पुटपुटायचंच. पण त्याला कारण होतं. घरामागे एका फळीवर चार-पाच बॉक्स पोत्यांवर उघडे पडलेले असायचे. नियम करण्याआधीच्या काळातले. माणसांनी हौसेने उघडायला लावले, खर्च ऐकला, 'उद्या येतो' म्हणाले आणि आले नाहीत. बाबांनी खडूने त्यांची नावं लिहून ठेवली होती आणि पावसाळ्यानंतर ती पुन्हा गिरवायचे. लहानपणी मला त्या फळीजवळून जायची भीती वाटायची.

मी बारावी झाले त्या वर्षी बाबांनी स्वतःची म्हणून एक गाडी उभी केली होती. राखाडी रंगाची, कुणीतरी धडकवून टाकून दिलेली. दोन वर्षं जमेल तसं तिच्यावर काम करून त्यांनी ती रस्त्यावर आणली. पत्रा, टायर, सीटा, सगळं उधारीवर. विकून उधारी फेडायची आणि चार पैसे मागे टाकायचे, असा बेत. गाडी सुरेख झाली होती, फक्त तिचा तिसरा गिअर ओरडायचा. ऊंऽऽ असा लांब, रडवेला आवाज. बाबा संध्याकाळी गाडी फिरवून परत यायचे तेव्हा कोपऱ्यावरच तो ऐकू यायचा आणि आई भात उतरवायची.

उल्हासनगरच्या कॅम्पात लछूशेठचं सुट्या भागांचं दुकान होतं. बाबा मला घेऊन तिथे गेले, कारण त्यानंतर मला चपला घ्यायच्या होत्या. लछूशेठ म्हातारा सिंधी, चष्म्याला दोरा बांधलेला, मराठी आपल्या पद्धतीने बोलायचा. बाबांनी फडक्यावरची कुसळं दाखवली. त्याने ती चिमटीत धरून बघितली. "मिस्त्री, एक चाक घेऊन नाय चालणार. जोडी घ्या. नवा दाता जुन्या दात्याला खातो, साईं." मग बेअरिंग, कड्या, पॅकिंग असं करत त्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला आणि बेरीज तीन हजारांच्या घरात नेली. बाबांनी तो पुठ्ठा घडी करून खिशात ठेवला. चपला घ्यायच्या राहूनच गेल्या.

त्याच आठवड्यात मला शिक्षिकेच्या कोर्सला प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. आठ दिवसांत तीन हजार भरायचे होते. आईने पत्र देवापुढे ठेवलं. बाबांनी ते तिथून उचललं आणि पान्यांच्या खणात ठेवलं, पुठ्ठ्याशेजारी.

गाडीला गिऱ्हाईक आलं ते चिखलोलीचे चांगोकाका. आज चिखलोलीत टॉवर उभे आहेत आणि स्टेशन होणार म्हणून जाहिराती लागल्यात. तेव्हा भातशेती होती आणि रस्त्याला लागून त्यांचं कौलारू घर. काकांनी भाताचा पैसा वर्षानुवर्षं साठवला होता. अंबरनाथ-बदलापूर भाड्याने गाडी फिरवायची, हे त्यांचं स्वप्न. बाबांना ते चांगले ओळखायचे, नियमही तोंडपाठ होता. म्हणाले, "मिस्त्री, माझ्याकडं सतरा हजार हाईत. बॉक्सला काय निघणार असंल तर तीन बाजूला राखीन, तुमाला चौदा दीन. निघणार नसंल तर सतरा तुमचं. तुमी सांगाल तो हिशेब." बाबा म्हणाले, "रविवारी गाडी घेऊन येतो. चालवून बघा." उधारी चौदाची होती. वरचे तीन म्हणजे माझं पत्र.

शनिवारी दुपारी बाबा स्वयंपाकघरात आले. आई वखारीत गेली होती. "सुमे, वाटीभर भुसा चाळून दे," ते म्हणाले. "एकदम बारीक. पिठाच्या चाळणीतून." जमिनीवर सांडलेल्या ऑइलवर ते भुसा टाकायचे, ते मला माहीत होतं. त्याला चाळायला कशाला हवा, असा विचार माझ्या मनात आला, पण मी काही विचारलं नाही. उलट हुशारी दाखवायला दोनदा चाळला, हाताला मैद्यासारखा लागेपर्यंत. बाबांनी वाटी घेतली आणि माझ्याकडे न बघता गेले. त्या रात्री भाकरीला सागाचा वास येत होता. आईने घास तोंडात घेतला, चाळणीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि आमटी वाढायला उठली.

रविवारी मी हट्टाने गाडीत बसले, मागच्या सीटवर. बाबांनी पहिला टाकला, दुसरा टाकला, आणि तिसरा टाकताच मी सवयीने त्या आवाजाची वाट बघू लागले. आवाज आला नाही. नुसतं इंजिन चालू होतं आणि खिडकीतून वारा. रस्त्यावर आल्यापासून गाडी इतकी गप्प कधीच नव्हती. कालची वाटी माझ्या डोळ्यांसमोर आली. घट्ट ऑइलमध्ये भुसा कालवून झिजलेल्या दात्यांमध्ये भरला की काही दिवस ते ओरडत नाहीत, ही गाड्या विकणाऱ्यांची जुनी लबाडी. बाबाच ती गिऱ्हाइकांना शिव्या देत सांगायचे. मी आरशात पाहिलं तर बाबा माझ्याकडेच बघत होते. दोघांनीही नजर काढून घेतली.

चांगोकाकांनी गाडी बदलापूरपर्यंत नेऊन परत आणली. अंगणात उतरले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. घरातून हिराकाकी, काकांची बायको, बाहेर आल्या, गाडीला हळदीकुंकू लावलं, आणि कमरेचं फडकं सोडून बाजेवर ठेवलं. त्यात दोन गाठी होत्या, एक मोठी, एक लहान. काका म्हणाले, "तुमचाच नियम, मिस्त्री. ही धाकली गाठ बॉक्सची. सोडू का राखू? बॉक्सला किती धरू?"

बाबांनी खिशातून फडकं काढलं आणि स्वच्छ असलेले हात पुसायला लागले. बराच वेळ पुसत होते. मग म्हणाले, "काही धरू नका."

हिराकाकी बाबांकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांनी मला मघाशीच गूळ-शेंगदाणे दिले होते, ते माझ्या मुठीतच होते. "बाय, तू सांग. तू घरची. ही गाडी तुमच्या दारात दोन साल हाय. हिचा काय आवाज येतंय का?"

मला अजून तो क्षण दिवसातून एकदा तरी दिसतो. कोंबड्या फिरत होत्या, बाजेवर गाठी होत्या, बाबांचं फडकं थांबलं होतं. 'हो' म्हटलं असतं तर बाबांचं नाव गेलं असतं, आणि माझं पत्रही. मला पत्राचा विचार आधी आला, हे लपवून काय करू? मी म्हणाले, "नाही काकी, काही आवाज नाही."

काकींनी दातांनी धाकटी गाठ सोडली.

मी फी भरली. त्या दिवशी बाबा घरी येऊन जेवले नाहीत, आणि आईने ती चाळणी मोडून शेगडीत घातली. दीड महिन्याने बातमी आली की चांगोकाकांची गाडी मोरीवरच्या चढाला बंद पडली, बॉक्समधून मोडल्यासारखा आवाज झाला, आणि ती बैल जुंपून घरी ओढत नेली. काकांकडे आता बॉक्सला लावायला छदाम नव्हता. ज्याने सगळ्या पंचक्रोशीला पैसे राखायला शिकवलं, त्यानेच त्यांना राखू नका म्हणून सांगितलं होतं.

त्या रविवारी बाबांनी सकाळीच दाढी केली आणि धुतलेला शर्ट घालून गॅरेजच्या फाटकाशी स्टूल टाकून बसले. चांगोकाका येणार, चारचौघांत शिव्या घालणार, गचांडी धरणार, याची त्यांना खात्री होती. मला वाटतं, त्यांना ते हवं होतं. काका आले नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. बाबांनी हळूहळू, पन्नास-शंभर करत, लछूशेठकडून ती जोडी सोडवून आणली. नवी कोरी, तेलकट कागदात. कड्या आणल्या, बेअरिंग आणली. सगळं पोत्यात बांधून खाटेखाली ठेवलं, वर खडूने 'चांगो' असं लिहिलं. "तो आला की एका दिवसात बसवून देतो," असं एकदाच आईला म्हणाले. "मग तुम्हीच जा की," आई म्हणाली. बाबा उठून बाहेर गेले. खोट्या माणसाला दार ठोठावता येत नाही, आणि बाबा तर खोटेपणाला नवखे होते. ते दर रविवारी स्टुलावर बसत राहिले. गिऱ्हाइकाला आकडा सांगणंही त्यांनी सोडलं. कुणी किती धरायचे विचारलं की म्हणायचे, "मला अंदाज येत नाही."

मी मास्तरीण झाले आणि मला बदलापूरची शाळा मिळाली. एस.टी. चिखलोलीवरून जायची. त्या घराशेजारी चिंचेखाली राखाडी गाडी उभी असायची, नाक रस्त्याकडे करून. आधी टायर बसले, मग काचा गेल्या. पुढे दुधीचा वेल टपावर चढला आणि कोंबड्या मागच्या सीटवर, माझ्या जागेवर, अंडी घालू लागल्या. मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसू लागले, तरी ते घर आलं की मान आपोआप वळायची. एस.टी.च्या गिअरचा तो भसाडा खरखराट मला गोड वाटायचा. मी ज्याला घाबरत होते ती शांतता होती. आजही निखिलच्या गाडीत बसले की मला वाटतं, ही इतकी गप्प का?

बाबा गेले ते असेच एका रविवारी. बाराव्यानंतर खाटेखालचं पोतं ओढलं तर उचलवेना. मी ते रिक्षात घालून चिखलोलीला नेलं. चिंचेखाली गाडी नव्हती, फक्त ती उभी होती तिथे गवत पिवळं पडलं होतं. चांगोकाका ओटीवर बसले होते, थकलेले. मी पोतं सोडलं. त्यांनी जोडीतलं एक चाक हातात घेतलं, अंगठा दात्यांवरून फिरवला. एकही दाता झिजलेला नव्हता.

"बाबा वाट बघत होते, काका," मी म्हणाले. "तुम्ही भांडायला सुद्धा आला नाहीत."

"निगालू हुतू ना," काका म्हणाले. "लोहाराकडून बॉक्स उघडला त्याच दिवशी. आत भुसाच भुसा. काठी घेऊन निगालू हुतू तुझ्या बापाकडं. हिनं अडवला."

हिराकाकी दारात उभ्या होत्या. "भुसा मी हातावर घेतला, बाय," त्या म्हणाल्या. "पिठासारका हुता. गॅरेजातल्या बाप्याच्या हातचा नाय तो, पिठाच्या चाळणीचा. तुजं 'आवाज नाही' आठवलं, मंग समजली, पोरीनं चाळला. यांना म्हटला, बापाशी भांडाल, पण पोरीचं नाव निगंल. उद्या तिला शाळंत कोण ठेवंल, तिचं लगीन कोण करंल? ऱ्हाऊ दे."

तेव्हा मला कळलं, माझं नाव राहावं म्हणून काका आले नाहीत आणि बाबा स्टुलावर वाट बघत संपले. मी पाय धरायला वाकले तर काकांनी धरू दिले नाहीत. पोतं पुन्हा बांधून माझ्याकडे सरकवलं. "गाडी मागल्याच महिन्यात भंगारात दिली. जरा आदी आली असतीस तर बसवला असता."

रस्त्यापर्यंत हिराकाकी सोबत आल्या. रिक्षाची वाट बघत आम्ही उभ्या होतो. मग त्यांनी माझ्या पदराला लागलेलं ग्रीस आपल्या लुगड्याने पुसलं आणि विचारलं, "ते तीन हजार तुमाला कशाला हवं हुतं गं?"

मी सांगितलं.

"येवढंच?" त्या म्हणाल्या. "मंग मागायचं हुतं. गाडीचं चौदा दिलं असतं, नं धाकली गाठ तुज्या हातावर ठेवली असती. आमी बॉक्स पुढल्या भाताला केला असता."

ते पोतं आता माझ्या पलंगाखाली आहे. दिवाळीच्या सफाईत मी ते बाहेर काढते, जोडीला नवं ग्रीस लावते, कागद बदलते, आणि पोत्यावरचं खडूचं नाव पुन्हा गिरवते.